पुणे विद्यापीठात एम.ए. करावं का? एवढ्या मोठ्या जागी आपल्याला कोण ओळखतं?

उदगीरची_अनु

नमस्कार मंडळी. वाचते रोज, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझं बी.ए. उदगीरला झालं, राज्यशास्त्र घेऊन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागात एम.ए.साठी प्रवेश परीक्षा दिली आहे, पेपर बरा गेलाय. दुसरा पर्याय नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. तिथे मामा राहतो, त्यामुळे राहण्या-जेवण्याचा प्रश्न मिटतो. पप्पा म्हणतात, पुण्याला जा, पण खर्च नीट विचारून सांग. आईचं आधीपासून नांदेड ठरलेलं आहे.

मागे एकदा पुण्याला जाऊन आवार बघून आले. मेन गेटपासून विभागापर्यंत चालत गेले, कँटीनला चहा प्याले, परत आले. कोण, कुठली, कशाला आली, काही कोणी विचारलं नाही. बरं पण वाटलं आणि पोटात गोळा पण आला. आमच्या कॉलेजात शिपाईमामापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला नावानं हाक मारतात. माझं इंग्रजी बेताचं आहे. वसतिगृह मिळेलच असं नाही. तिथे शिकून गेलेल्यांनी खरं काय ते सांगा. "स्वप्नं मोठी ठेव" वगैरे नको, ते कॉलेजच्या निरोप समारंभात झालंय.

आधी_चहा

शेवटच्या वाक्याला शंभर गुण. मुलगी पुण्यात टिकणार.

फळा_आणि_खडू

अनु, मी पदव्युत्तर वर्गांना बरीच वर्षं शिकवलं आहे, आता निवृत्त आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घे. "पुणे विद्यापीठ" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या पदवीवर याच विद्यापीठाचं नाव असतं. गणेशखिंडीच्या आवारातले विभाग हा त्यातला छोटा भाग आणि तिथे मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालतं. म्हणजे विद्यापीठ अवाढव्य असलं तरी तुझा वर्ग अवाढव्य नसेल. पहिल्या महिन्यात शिक्षकांना तुझं नाव कळेल. एकच अट, तू तोंड उघडलं पाहिजेस.

विभागांमध्ये श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आहे आणि निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. टर्म पेपर, सेमिनार, लहान चाचण्या, सत्रभर काहीतरी चालू असतं. सहा महिने गायब राहून शेवटच्या आठवड्यात गाईड घोकायची सवय असेल तर ती उदगीरलाच ठेवून ये. सामाजिक शास्त्रांत उत्तरं मराठीतून लिहिता येतात, पण वाचावं लागतं ते बरंचसं इंग्रजीत. पहिल्या सत्रात सगळ्यांचीच दमछाक होते. जी मुलं सांगत नाहीत, त्यांची जास्त.

निवांत_पाटील

सरांशी सहमत, पण सर वर्गाबद्दल बोलले, मी वर्गाबाहेरचं सांगतो.

मी बीड जिल्ह्यातला. पहिल्या सत्रात मी पॅरासाइट होतो. घाबरू नकोस, ही अधिकृत नसली तरी सर्वमान्य पदवी आहे. ज्याला वसतिगृहाची खोली मिळाली नाही आणि जो ओळखीच्या पोराच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकतो तो पॅरासाइट. आमच्या खोलीत कागदावर जितके होते त्याच्या दुप्पट झोपायचे. रात्री तपासणीची कुणकुण लागली की आम्ही गाद्या गुंडाळून फिरायला जायचो, "चांदणं छान पडलंय" म्हणत. नियमात बसत नाही हे मान्य आणि मुलींच्या वसतिगृहात असलं काही चालत नाही, म्हणून हा माझा सल्ला समजू नकोस.

पुढे कमवा आणि शिका योजनेत लागलो. दुपारी काही तास बागेत, नंतर कार्यालयात फायली लावायचं काम. तासावर पैसे मिळायचे. फार नाही, पण मेसचा बराचसा भार त्यातून उतरायचा. घरून पैसे मागवायला लाज वाटायची ती गेली. आणि मुख्य म्हणजे त्या कामावर वेगवेगळ्या विभागांतली पोरं भेटायची. भूगर्भशास्त्राचा एक, पालीचा एक, संख्याशास्त्राचे दोघं. झाडांना पाणी घालता घालता त्या संख्याशास्त्रवाल्यांनी मला सरासरी आणि मध्यक यातला फरक शिकवला, तो मी आजही नोकरीत वापरतो. वर्गात बसून असली माणसं भेटली नसती.

कलिना_कट्टा

पुण्याचं कौतुक चालू द्या, पण ज्येष्ठता लक्षात असू द्या. मुंबई विद्यापीठ 1857 चं. पुण्याचं 1949 चं. तोवर डेक्कन आणि फर्ग्युसनवाले पण पदवी आमचीच घेत होते. :)

शिळोप्या

@कलिना_कट्टा घेत होते आणि मग 1949 ला स्वतःचं काढलं. का ते मुंबईकरांनी स्वतःला विचारावं. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा.)

कलिना_कट्टा

घेतले. आता गंभीरपणे. मी कलिनाला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात शिकलो. लोकलनं सांताक्रूझ, तिथून बस किंवा शेअर रिक्षा, मग वर्ग, मग उलटा प्रवास. मी अंबरनाथहून यायचो. आमचं विद्यापीठ म्हणजे निम्मं गाडीतच. लोकलच्या तिसऱ्या सीटवर नोट्स वाचल्या, चौथ्या सीटवर झोप काढली. पाचच्या पुढे कोणी थांबायचं नाही, कारण गर्दीच्या आत गाडी पकडायची असायची. पुण्याच्या आवारात राहणाऱ्या पोरांचा मला हेवा वाटायचा तो याचा. संध्याकाळी सातला ती अजून वादच घालत असतात.

फोर्टमधल्या जुन्या आवारात मात्र काही कामासाठी गेलो की राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात मुद्दाम बसायचो. रंगीत काचांमधून ऊन टेबलावर येतं. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं पैसे दिले आणि ती इमारत 1878 ला पुरी झाली. अशा जागी बसलं की अभ्यास होतोच असं नाही, पण उठावंसं वाटत नाही.

राजाभाऊ_अभ्यासिका

सगळे आठवणींत रमलेत. मी जरा मिठाचा खडा टाकतो. एम.ए. करून करायचं काय? नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा काढा, मग तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे घेतलेल्या तासाचेच पैसे) राबा. माझे तीन मित्र सीएचबीवर आहेत, दोन-दोन कॉलेजांत तास घेऊन गाडीच्या पेट्रोलचा हिशोब करतात. पुण्यात येणाऱ्या निम्म्या पोरांचं एम.ए. हे राहायला जागा आणि वाचायला ग्रंथालय मिळवण्याचं निमित्त असतं, खरा अभ्यास एमपीएससीचा. मी पण त्यातलाच. विभागातले तास बुडवून विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसायचो. आता सदाशिव पेठेत अभ्यासिकेत असतो. अनुताई, तुझं उद्दिष्ट काय ते आधी सांग.

सह्याद्रीची_लेक

@राजाभाऊ, तुमचं सीएचबीचं दुखणं शंभर टक्के खरं. पण तास बुडवून स्पर्धा परीक्षा हे गणित आता बदललंय. 2023 च्या फेब्रुवारीत पुण्यात आंदोलन झालं ते आठवत असेलच. एमपीएससीची नवी वर्णनात्मक पद्धत लगेच नको, 2025 पासून लागू करा म्हणून पोरं रस्त्यावर बसली होती. आता मुख्य परीक्षेत लिहावं लागतं. ज्यांनी विभागात मनापासून टर्म पेपर लिहिले, दहा ठिकाणचं वाचून स्वतःचा मुद्दा मांडला, त्यांचा हात चालतो. पर्यायाला गोल करण्यात पाच वर्षं घालवलेल्यांना चार परिच्छेद सलग लिहिता येत नाहीत.

राजाभाऊ_अभ्यासिका

टोमणा पोहोचला. निबंधाची वही आजच आणतो.

कटुसत्य_ठाणे

मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकलो, नाव घेत नाही. गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकीचं छापून आलं. दुरुस्तीचा अर्ज खिडकी क्रमांक अमुकवर, पैसे दुसऱ्या इमारतीत, चलनाची प्रत तिसरीकडे. दर वेळी "साहेब मीटिंगमध्ये". शेवटी एका लिपिक बाईंनी पाच मिनिटांत काम केलं, कारण त्या दिवशी त्यांचा मूड बरा होता. मोठ्या जागेचा तोटा हाच. तुम्ही म्हणजे आसन क्रमांक. वाईट कोणी नसतं, पण जबाबदार पण कोणी नसतं.

निवांत_पाटील

@कटुसत्य_ठाणे त्या लिपिक बाईंचं नाव लक्षात ठेवून दिवाळीला फराळ द्यायचा असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?

फळा_आणि_खडू

कटुसत्य म्हणतात ते कुठल्याही एका ठिकाणाचं दुखणं नाही. 2017 चा उन्हाळा आठवा. मुंबईत उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची पद्धत घाईनं आणली. कायद्यानं निकाल फार तर 45 दिवसांत लागायला हवा, तिथे महिनोन्‌महिने लटकला. परदेशी प्रवेश मिळालेल्यांचे हाल झाले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. लाखो उत्तरपत्रिका एकाच यंत्रणेतून काढायच्या म्हटल्यावर एक चूक लाखाने गुणली जाते. लहान विद्यापीठात तीच चूक चहाच्या टपरीवर सुटते.

म्हणूनच अनुला एक व्यवहाराची सूचना. तुझी पदवी नांदेडच्या विद्यापीठाची. पुण्याला यायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल आणि पात्रतेचा अर्ज भरावा लागेल. मूळ टीसी, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आणि एक स्कॅन मोबाइलमध्ये. मायग्रेशनसाठी आत्ताच अर्ज कर. प्रवेशाच्या गर्दीत ते मिळवणं म्हणजे चतुःशृंगीच्या जत्रेत हरवलेली चप्पल शोधणं.

टोरांटोची_मंजू

मजा येतेय वाचायला. माझी मुलगी टोरांटो विद्यापीठात आहे. तेही सरकारी पैशावर चालणारं आणि भर शहरात, रस्ते आवाराच्या मधून जातात. पहिल्या वर्षाचे काही तास कॉन्व्होकेशन हॉलमध्ये होतात, हजाराच्या वर मुलं एका तासाला. शिक्षिका लांब, खाली. ती पहिल्या महिन्यात म्हणाली, "आई, मी आजारी पडून आठवडाभर गेले नाही तर कोणाला कळणारही नाही." मग तिनं शिक्षकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेला जायला सुरुवात केली. हजारातली चार-पाचच मुलं यायची म्हणे. त्या चार-पाचांना शिक्षिका नावानं ओळखते. माझा स्वतःचा अनुभव नाही, पण अनुच्या प्रश्नाशी जुळला म्हणून लिहिलं.

आधी_चहा

मंजूताई, आमच्याकडे भेटीची ठरलेली वेळ म्हणजे सर जिना उतरताना गाठणे.

गुरुकुल_वाले

ललित कला केंद्राचं कोणी बोललंच नाही, म्हणून मी. नाटक, नृत्य, संगीत शिकवणारा विभाग त्याच आवारात आहे, लोक प्रेमानं गुरुकुल म्हणतात. नाटककार सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते. आम्ही तालमी करायचो तेव्हा रसायनशास्त्राची पोरं, परदेशी मुलं, कोणी कोणी येऊन मागे बसायची. आम्हीही दुसरीकडे घुसायचो. आवारातच आयुका आहे. जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. अंगणात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ, आर्यभट यांचे पुतळे. नारळीकर मराठीतून बोलणार असले की आम्ही नाटकवाले पहिल्या रांगेत. अर्धं कळायचं. नारळीकर मे 2025 मध्ये गेले तेव्हा आमच्या जुन्या गटावर भौतिकशास्त्रवाल्यांपेक्षा आम्हीच जास्त लिहिलं.

अनु, तुला राज्यशास्त्र शिकायचंय ठीक. पण तिथे गेलीस तर शेजारच्या स्त्री-अभ्यास केंद्रात, इतिहासात, कुठेही जाहीर व्याख्यान असलं की जाऊन बस. कोणी विचारत नाही कोण, कुठली. तुला जे खटकलं ना, त्याचा फायदा हाच आहे.

शिळोप्या

अवांतर : मुख्य इमारत म्हणजे जुनं गव्हर्नमेंट हाउस. राज्यशास्त्रवाल्यांनी तर तिथे एकदा उभं राहिलंच पाहिजे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा सोहळा इथेच होता आणि तिथून परतताना प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याचा चाफेकर बंधूंनी खून केला, 22 जून 1897.

खडकीकर

@शिळोप्या बारीक दुरुस्ती. गोळ्या घातल्या त्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर. दुसरा अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. आणि आज चाफेकर बंधू असते तर विद्यापीठ चौकात बग्गी गाठायला पळावंच लागलं नसतं. सगळं उभंच असतं तिथे. 2020 ला जुना उड्डाणपूल पाडला तेव्हापासून मी औंधचे पाहुणेच बंद केलेत.

आधी_चहा

झाला धाग्याचा चक्का जाम. अनुताई कुठे आहेत?

सह्याद्रीची_लेक

मी आणते परत रुळावर. अनु, मुलगी म्हणून जे विचारायला संकोच वाटतो ते सांगते. आवार चारशे एकरांहून मोठं आहे, झाडी दाट, विभाग लांब लांब. रात्री ग्रंथालयातून परतताना दोघी-तिघी मिळून निघायचो. सायकल किंवा जुनी स्कूटी असेल तर आयुष्य बदलतं. वसतिगृहाच्या यादीत नाव पहिल्या फेरीत नाही आलं तर हाय खाऊ नकोस, पुढे जागा सुटतात. तोवर बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन राहावं लागेल. कॉट घेताना भाड्याबरोबर डिपॉझिट किती, लाइटबिल वेगळं का, पाणी किती वाजता येतं, दार किती वाजता बंद होतं, हे चारही विचार. आणि आधी एक महिना राहून बघ, मग डिपॉझिटचं बोल.

पैशाचं : तू कुठल्या प्रवर्गातली ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. समाजकल्याणची स्वाधार योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, बाकीच्यांत आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यातलं एखादं लागू असेल तर आजच कागद गोळा कर. पैसे उशिरा येतात, हे धरून पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरून ठेव. माझ्या वर्गातल्या दोघी पहिल्याच सत्रात परत गेल्या. अभ्यास जड म्हणून नाही, दिवाळीनंतरचं भाडं नव्हतं म्हणून. त्या दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या. "मोठ्या विद्यापीठात हुशारी लागते" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

विष्णुपुरीकर

सगळ्यांनी नांदेडला गृहीतच धरलंय, म्हणून लिहितो. मी तिथला. 1994 चं विद्यापीठ आहे, लहान आहे, विभागात मुलं मोजकी. माझे मार्गदर्शक रविवारी घरी बोलवायचे, त्यांच्या पुस्तकाच्या कपाटाला कुलूप नव्हतं. मी तिथूनच सेट परीक्षा पास झालो आणि आज पूर्णवेळ शिकवतो. पुण्यात गेलेले माझे दोन वर्गमित्र अजून "वातावरण चांगलं आहे" एवढंच सांगतात. अनु, मामाच्या घरी रोज ताटावर बसून, चिंता न करता दोन वर्षं वाचायला मिळणं ही काय कमी गोष्ट आहे?

निवांत_पाटील

@विष्णुपुरीकर तुमचं पटतं. पण मामाच्या घरी मुलगी राहिली की दोन वर्षांत किती स्थळं येतील याचा अंदाज आहे का तुम्हाला?

विष्णुपुरीकर

...हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता.

उदगीरची_अनु

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! निवांतदादा, स्थळांचं तुम्हाला कसं कळलं? मामीनं एकाचा फोटो आईला पाठवून झालाय.

राजाभाऊ, उद्दिष्टाचं विचारलंत. मला शिकवायचंय, हे नक्की. सीएचबीचं ऐकून वाईट वाटलं, पण आमच्या कॉलेजातल्या ज्या मॅडममुळे मी राज्यशास्त्र घेतलं त्या सुद्धा तासिकेवरच आहेत. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "जा. आणि मला तिथल्या ग्रंथालयातनं लेख पाठव, इथे मिळत नाहीत."

काल यादी लागली. माझं नाव आहे. पप्पांना सहा महिन्यांच्या तजविजीचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांनी मागच्या सोयाबीनचा हिशोब काढला, म्हणाले पाच महिन्यांचं होतंय, सहाव्याचं बघू. आई अजून बोलत नाहीये. मायग्रेशनचा अर्ज आज सकाळी भरला, सर. वसतिगृहाच्या यादीत अजून काही नाही. सह्याद्रीताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, कॉटबद्दल.

फळा_आणि_खडू

अभिनंदन. पहिला टर्म पेपर मराठीत लिही, पण संदर्भ वाचताना शब्दांची वही कर. अडलीस तर इथेच विचार.

राजाभाऊ_अभ्यासिका

अभिनंदन अनुताई. जयकरला बसायला जागा हवी असेल तर सकाळी लवकर जा. नऊनंतर पिशव्याच बसलेल्या असतात.

सह्याद्रीची_लेक

उत्तर दिलंय. माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे एक कॉट रिकामी होतेय, विद्यापीठापासून चालत. आईशी माझं बोलणं करून दे, मुलीच्या आवाजानं फरक पडतो.

उदगीरची_अनु

आईनं आत्ता तुमच्याशी बोलून झाल्यावर पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? सुट्टीत घरी आलं तर मेसवाले त्या दिवसांचे पैसे कापून देतात का.

निवांत_पाटील

खाडा आदल्या दिवशी सांगितला तर देतात, तेही सलग काही दिवसांचा असेल तर. आणि येताना शेंगदाण्याची चटणी आण. तुला वाटतं त्याच्या तिप्पट आण, रूममेट असतात.